पूर, वीज आणि पिण्याचे पाणी

(संस्थेच्या वार्षिक कार्यक्रमात सभासद व विद्यार्थ्यांसमोर झालेल्या भाषणाचा मजकूर)



कोणत्या विषयावर बोलावे असे विचारले तेव्हा काही ज्येष्ठांनी शिक्षणावर बोला असे सुचवले, काहींनी व्यसनमुक्तीवर. दोन्ही विषय महत्त्वाचे आहेत. तरीही आम्ही पाण्याचा विषय घेतला आहे. पुराच्या दिवसांत संस्थेच्या कार्यकर्त्यांबरोबर वस्तीवस्तीतून फिरताना आम्हाला जे दिसले, ते विद्यार्थ्यांपुढे मांडले पाहिजे असे वाटते. आम्ही काही इंजिनिअर नाही. परंतु पाणीपुरवठ्यात काम करणाऱ्या मंडळींकडून जे समजून घेतले आणि जे स्वतः पाहिले, तेवढेच सांगणार आहोत.

कोल्हापूरच्या माणसाला पूर नवा नाही. पावसाळ्यात सकाळी उठल्यावर आपण पहिली चौकशी करतो ती राजाराम बंधाऱ्यावर पाणी किती फुटांवर आहे याची. ३९ फूट ही इशारा पातळी आणि ४३ फूट ही धोका पातळी, हे शाळेतल्या मुलालाही पाठ असते. शिवाजी पुलावर जाऊन 'मच्छिंद्री झाली का' हे पाहून येणारे हौशी लोकही आपल्यातच आहेत. परंतु ऑगस्ट २०१९ मध्ये आणि पुन्हा जुलै २०२१ मध्ये हौस फिटावी असे पाणी आले. दोन्ही वेळा पातळी ५५ फुटांच्या पुढे गेली, म्हणजे धोका पातळीच्याही वर बारा फुटांपेक्षा जास्त. सुतारवाडा, शाहूपुरी कुंभार गल्ली, बापट कॅम्प अशा सखल भागांतील कुटुंबे घरे सोडून निघाली. पुणे-बंगळूर महामार्ग शिरोलीजवळ पाण्याखाली गेला आणि कोल्हापूर चोहोबाजूंनी अडकले.

त्याच दिवसांत, जिकडे पाहावे तिकडे पाणी असताना, शहरातले नळ कोरडे पडले. ज्यांच्या घरात पुराचे पाणी शिरले होते त्यांना प्यायला पाणी नव्हते, आणि ज्या उंचावरच्या पेठांत पुराचा थेंबही पोहोचला नव्हता तेथील लोकही घागरी-कळशा घेऊन टँकरची वाट पाहत उभे होते. दहा-बारा वर्षांच्या एका मुलीने तेव्हा आम्हाला विचारले, "काका, एवढं पाणी आलंय, मग नळाला का येत नाही?" त्या मुलीला आम्हाला नीट उत्तर देता आले नाही. आजचे हे भाषण म्हणजे तिला द्यायचे राहून गेलेले उत्तर आहे, असे समजा.

प्रथम आपल्या घरी पाणी येते कसे ते पाहू. वर्षानुवर्षे आपल्या शहराचे पाणी मुख्यतः भोगावती-पंचगंगेच्या काठावरून उपसले जात आले. बालिंगा, नागदेववाडी, शिंगणापूर ही नावे आपण वर्तमानपत्रात वाचतो, ती या उपसा केंद्रांची. नदीचे पाणी जॅकवेल नावाच्या मोठ्या विहिरीत येते. तेथून पंप ते उचलून शुद्धीकरण केंद्राकडे पाठवतात. तेथे तुरटी टाकून गाळ खाली बसवतात, वाळूच्या थरातून पाणी गाळतात, क्लोरीन मिसळतात. मग ते उंच टाक्यांत जाते आणि टाकीतून उताराने आपल्या नळाला येते. चावीवाला आपल्या गल्लीची चावी सोडतो तेव्हा आपल्याला वाटते की पाणी त्याने दिले. खरे म्हणजे ते पाणी विजेने चढवलेले असते. नदी खाली आणि शहर वर, अशी कोल्हापूरची रचना आहे. त्यामुळे वीज थांबली की पाणी थांबले.

आता विद्यार्थी विचारतील, की पूर येतो हे ठाऊक असताना पंप नदीच्या इतक्या जवळ, इतके खाली का बसवले? यात कोणाचा वेडेपणा नाही, त्यामागे एक शास्त्रीय कारण आहे. साधा पंप पाणी ओढतो असे आपण म्हणतो, पण प्रत्यक्षात बाहेरच्या हवेचा दाब पाण्याला नळीतून वर ढकलत असतो. हा दाब पाणी फार तर १०.३ मीटर वर ढकलू शकतो, तोही पूर्ण निर्वात असेल तर. व्यवहारात सहा-सात मीटरच्या पुढे भरवसा धरता येत नाही. म्हणून असा पंप उन्हाळ्यातल्या पाण्याच्या पातळीपासून सहा-सात मीटरच्या आतच बसवावा लागतो. आणि आपल्या नदीची उन्हाळ्यातली पातळी व महापुराची पातळी यांतला फरक त्यापेक्षा कितीतरी जास्त आहे. म्हणजे जो पंप मे महिन्यात पाणी देऊ शकतो तो महापुरात बुडणारच, अशी ही अडचण आहे.

परंतु या अडचणीवर तोडगा नाही असे मात्र नाही. उभ्या पंपात पाणी उचलणारी चक्रे खाली पाण्यात असतात, मोटार वरच्या मजल्यावर असते, आणि दोघांना जोडणारा लांब दांडा मध्ये उभा असतो. याला व्हर्टिकल टर्बाइन पंप म्हणतात. यात चक्रे कितीही खोल पाण्यात गेली तरी बिघडत नाही, कारण ती पाण्यातच काम करण्यासाठी बनवलेली असतात. जपायची असते ती मोटार, तिला वीज देणारा पॅनेल बोर्ड आणि बाहेरचा ट्रान्सफॉर्मर. या तीन वस्तू पुराच्या वर राहिल्या तर पूर असतानाही पाणी उपसता येते. यांतली एक जरी बुडाली तरी बाकीच्या दोन्ही निरुपयोगी होतात. मोटार दुसऱ्या मजल्यावर आणि पॅनेल तळमजल्यावर असेल, तर तो मजला बांधण्याचा खर्च पाण्यात गेला असेच म्हणावे लागेल.

म्हणून आजच्या भाषणातील मुख्य मुद्दा आम्ही एका वाक्यात सांगतो. पंप नदीत राहू द्या, पण वीज पुराच्या वर ठेवा. किती वर? तर २०१९ आणि २०२१ यांपैकी ज्या पुराची खूण त्या जागी जास्त उंच असेल, तिच्याही वर निदान एक मीटर. पंचवीस-तीस वर्षांपूर्वीच्या पुराची खूण धरून बांधलेला चौथरा आज पुरेसा नाही, हे आपल्याला दोन वर्षांच्या अंतराने दोनदा कळले आहे.

बुडालेल्या मोटारीचे काय होते, हेही विद्यार्थ्यांनी समजून घ्यावे. पाणी ओसरले, वरून पुसली आणि बटण दाबले, असे चालत नाही. आतल्या तारांच्या गुंडाळीवर गाळ बसलेला असतो, इन्सुलेशनमध्ये ओल असते. तशीच चालू केली तर ती जळते. तिला उघडावे लागते, स्वच्छ पाण्याने धुवावे लागते, मंद उष्णतेने सुकवावे लागते, आणि मेगर नावाच्या उपकरणाने इन्सुलेशन तपासून मगच जोडावे लागते. एका मोटारीला असा वेळ जातो, आणि उपसा केंद्रात मोटारी अनेक असतात. पूर ओसरल्यानंतरही पाणी यायला इतके दिवस का लागतात, याचे कारण हे आहे. चिखलात गुडघाभर उभे राहून रात्रंदिवस या मोटारी काढणारे कामगार आपल्याला दिसत नाहीत. आपल्याला फक्त कोरडा नळ दिसतो. त्या कामगारांविषयी येथे कृतज्ञता व्यक्त करणे आम्ही आमचे कर्तव्य समजतो.

याच संदर्भात आणखी एक गोष्ट. भूकंप न सांगता येतो. पंचगंगेचा पूर मात्र पायरी-पायरीने येतो. बंधाऱ्यावरचे फूट-इंच आपल्याला तासातासाला कळत असतात. ३९ फुटांपासून ५५ फुटांपर्यंत पाणी चढायला जो वेळ लागतो तो वेळ हीच आपली शिल्लक आहे. जेथे मोटारी खाली बसवण्यावाचून गत्यंतर नाही तेथे अमुक फुटांवर पाणी आले की मोटार सोडवायची, साखळी-कप्पीने वर घ्यायची, पॅनेल काढून ठेवायचा, हे आधी कागदावर लिहिलेले असावे. लिहिलेले नसेल तर 'अजून थोडा वेळ पंप चालवू, लोकांना तेवढेच पाणी मिळेल' असा चांगल्या मनाने विचार होतो आणि मोटार जाते. चांगले मन हवेच, पण त्याच्या जोडीला फुटांचा आकडाही हवा.

हे झाले पुराचे. परंतु पूर नसतानाही वीज गेली की पाणी जाते, आणि त्याचे दुखणे वेगळे आहे. आपण म्हणतो, "लाईट दहाच मिनिटं गेली होती, मग पाणी तासभर का नाही?" पंप एकाएकी थांबला की मोठ्या नळातून वर चढत असलेले पाणी मागे येते आणि नळाला जोराचा दणका बसतो. कामगार त्याला वॉटर हॅमर म्हणतात. या दणक्याने नळ फुटूही शकतो. वीज परत आल्यावर पंप एकेक करून सावकाश चालू करावे लागतात, नळातली हवा बाहेर काढावी लागते, टाकी भरावी लागते. मग कुठे आपली पाळी येते.

यापेक्षाही मोठा धोका डोळ्यांना दिसत नाही. नळात पाण्याचा दाब असतो तोपर्यंत गळक्या सांध्यातून पाणी बाहेर जाते. नळ रिकामा झाला की त्याच सांध्यातून बाहेरचे पाणी आत येते. शेजारून गटार जात असेल तर गटाराचे, आणि पूर आला असेल तर पुराचे. म्हणून कित्येक दिवसांनी नळाला आलेले पहिले पाणी हे सर्वांत संशयास्पद पाणी असते. आणि माणसाचा स्वभाव असा, की त्याच पाण्यावर आपण सर्वांत आधी तुटून पडतो. २०१२ साली आपल्या शेजारच्या इचलकरंजीत दूषित पाण्यामुळे काविळीची मोठी साथ आली, माणसे दगावली. त्यामागे काही पूर नव्हता. पुरानंतर तर किती सावध राहिले पाहिजे, याचा विचार व्हावा.

हा प्रश्न केवळ आपल्यासारख्या गरीब देशाचा आहे, असा न्यूनगंड बाळगण्याचे कारण नाही. अमेरिकेतील डेमॉइन शहराचे जलकेंद्र जुलै १९९३ मध्ये पुरात बुडाले आणि सुमारे अडीच लाख लोकांचे पाणी तुटले. बारा-एक दिवस नळाला पाणी नव्हते, आणि ते पिण्यालायक व्हायला त्याहून जास्त दिवस गेले. इंग्लंडमध्ये जुलै २००७ मध्ये ट्यूक्सबरीजवळचे माइथ जलकेंद्र सेव्हर्न नदीच्या पुरात गेले. साडेतीन लाख माणसे जवळजवळ अडीच आठवडे पिण्याच्या पाण्याला मुकली. तेथेच जवळ विजेचे एक मोठे उपकेंद्रही बुडण्याच्या बेतात आले होते. सैनिकांनी आणि इतरांनी रात्रभर खपून तात्पुरता बांध घातला, म्हणून ते वाचले. नंतर दोन्ही ठिकाणी काय केले, ते आपल्या कामाचे आहे. डेमॉइनने संरक्षक बांध उंच केला. माइथला पूरभिंत बांधली, आणि त्या भागाला दुसऱ्या बाजूनेही पाणी मिळावे म्हणून जोडनळ टाकला. म्हणजे एक तर बुडू द्यायचे नाही, आणि दुसरे म्हणजे एकाच ठिकाणावर सगळे गाव टांगून ठेवायचे नाही.

या दुसऱ्या गोष्टीत कोल्हापूरने मोठे पाऊल टाकले आहे. काळम्मावाडी धरणातून थेट पाईपलाईनने पाणी मिळावे म्हणून या शहराने कित्येक वर्षे आंदोलने केली. अखेर नोव्हेंबर २०२३ मध्ये ते पाणी शहरात पोहोचले. पन्नास किलोमीटरहून लांब असलेल्या त्या नळाने आपल्याला दुसरा मार्ग मिळाला, याचा आनंद आपण सर्वांनी मानला. परंतु आता पूर आला तरी चिंता नाही, असे मात्र कोणी समजू नये. धरणातले पाणी उचलणारे पंपही विजेवरच चालतात. ती वीज डोंगरभागातून तारांवरून येते. पावसाळ्यात वारा सुटला, झाड पडले, तार तुटली, की धरण काठोकाठ भरलेले असूनही नळ कोरडा राहू शकतो. म्हणून नवा मार्ग आला तरी जुनी उपसा केंद्रे मोडीत काढू नयेत. ती उंच करावीत, चालू स्थितीत ठेवावीत. संकटात दोनपैकी एक तरी चालला पाहिजे.

जुन्या माणसांना कळंबा तलाव आठवेल. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात बांधलेला हा तलाव शहरापेक्षा उंचावर असल्याने त्याचे पाणी आपल्या उतारानेच शहरात येते. त्या पाण्याला चढवायला वीज लागत नाही. आजच्या शहराची सगळी तहान त्याने भागणार नाही, हे खरे. पण सगळे पंप बंद पडतात त्या आठवड्यात विजेशिवाय येणाऱ्या थोड्या पाण्याची किंमत फार मोठी असते. तलावातला गाळ, त्यात येणारे सांडपाणी, शहरातल्या बुजत चाललेल्या विहिरी, हे विषय आपण सौंदर्याचे म्हणून सोडून देतो. ते सुरक्षिततेचे विषय आहेत.

आता विद्यार्थ्यांसाठी थोडे गणित. २०११ च्या जनगणनेप्रमाणे कोल्हापूर शहराची लोकसंख्या सुमारे साडेपाच लाख होती. शहरात माणशी रोज १३५ लीटर पाणी द्यावे असा आपल्याकडचा दंडक आहे. आपत्तीच्या काळात पिणे, स्वयंपाक आणि थोडी स्वच्छता यांसाठी माणशी १५ लीटर तरी मिळावे असे मानतात. साडेपाच लाख गुणिले १५ म्हणजे साडेब्याऐंशी लाख लीटर. एका टँकरमध्ये दहा हजार लीटर मावतात असे धरले तर रोज ८२५ टँकर भरून पोहोचवावे लागतील. रस्ते पाण्याखाली, डिझेलची टंचाई, महामार्ग बंद, अशा वेळी हे कसे व्हावे? टँकर हा आधार आहे, पण तो पाणीपुरवठ्याची जागा घेऊ शकत नाही.

याच गणिताची दुसरी बाजू मात्र धीर देणारी आहे. समजा हे साडेब्याऐंशी लाख लीटर पाणी ५० मीटर उंच चढवायचे आहे. एक लाख लीटर पाणी ५० मीटर चढवायला, पंपातला तोटा धरून, सुमारे २० युनिट वीज लागते. म्हणजे सगळ्या शहराच्या जीवनावश्यक पाण्याला दिवसाला सुमारे १६५० युनिट. जनरेटर एक लीटर डिझेलमध्ये तीन ते साडेतीन युनिट देतो असे धरले तर दिवसाला सुमारे ५०० लीटर डिझेल, आठवड्याला साडेतीन हजार. प्रत्यक्षात उंची जास्त असेल, गळती असेल, शुद्धीकरणालाही वीज लागेल. म्हणून हा आकडा दुप्पट धरा, तिप्पट धरा. तरीही तो शहराच्या आवाक्याबाहेरचा नाही. सगळे मोठे पंप जनरेटरवर चालवणे अवघड आहे. परंतु माणसे जगवण्यापुरते पाणी उचलणारा एक वेगळा लहान पंप, पुराच्या वर ठेवलेला एक जनरेटर, आणि पावसाळ्यापूर्वी नियमाप्रमाणे परवानगी घेऊन भरून ठेवलेले डिझेल, एवढी तयारी होऊ शकते. मात्र असे पाणी सगळ्या चाव्या उघडून सोडले तर ते वाटेतच संपेल. ते ठरावीक टाक्यांपर्यंत न्यायचे आणि तेथून ठरावीक जागी वाटायचे, असे आधी ठरले पाहिजे.

येथे वाटपाचा प्रश्न येतो, आणि येथे आम्हाला आमचीच एक चूक सांगायची आहे. २०१९ च्या पुरात एका वस्तीत टँकरचे पाणी वाटण्याचे काम आम्ही कार्यकर्त्यांनी अंगावर घेतले होते. टँकर मोठ्या रस्त्यावर उभा राहायचा. रांग लागायची. आम्ही रांग सरळ ठेवायचो, भांडणे सोडवायचो, आणि काम चांगले चालले आहे असे समजायचो. तिसऱ्या दिवशी मागच्या बोळात गेलो तेव्हा एक आजी भेटल्या. गुडघे धरलेले, घरात दुसरे कोणी नाही. तीन दिवस त्या शेजाऱ्यांनी दिलेल्या तांब्याभर पाण्यावर होत्या. आम्ही म्हणालो, "आजी, टँकर येतोय की रोज." त्या म्हणाल्या, "येतोय बाळा, पण माझ्यापातूर कुठं येतोय?"

मित्रहो, त्या प्रश्नाने आमची मान खाली गेली. रांगेत सगळे समान असतात असे आपण मानतो. पण जो रांगेपर्यंत पोहोचूच शकत नाही, त्याचे काय? २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले. सार्वजनिक पाण्यावर प्रत्येक माणसाचा सारखा हक्क आहे, हे त्या ओंजळीने सांगितले. तो इतिहास आम्हाला तोंडपाठ होता. आणि आमच्याच हातून, कोणताही भेद मनात नसताना, एक म्हातारी तहानलेली राहिली. हक्क मान्य असूनही व्यवस्था नसेल तर पाणी पोहोचत नाही, हे आम्ही त्या दिवशी शिकलो.

२०२१ च्या पुरात आम्ही आधी यादी केली. कोणत्या घरात एकटे वृद्ध आहेत, कोठे बाळंतीण आहे, कोठे अंथरुणाला खिळलेला आजारी माणूस आहे. टँकर आला की पहिल्या कळशा त्या घरांना जायच्या आणि मग रांग सुरू व्हायची. सुरुवातीला कुरकुर झाली. दोन दिवसांनी रांगेतलीच माणसे विचारू लागली, "आजींना पाणी गेलं का?" हे आम्ही फुशारकीने सांगत नाही. पहिल्या खेपेलाच जे सुचायला हवे होते ते दुसऱ्या खेपेला सुचले, एवढेच.

आता आपण काय करू शकतो ते थोडक्यात सांगतो. घरोघरी पुराची चिन्हे दिसताच तीन दिवसांचे पिण्याचे आणि स्वयंपाकाचे पाणी भरून ठेवावे. माणशी सात-आठ लीटर धरले तर पाच माणसांच्या घराला सव्वाशे लीटरच्या आत भागते. झाकणाची दोन-तीन पिंपे पुरतात. खंडानंतर नळाला आलेले पहिले पाणी पिण्यासाठी भरू नये, ते धुण्यापुसण्याला वापरावे. नंतरचेही पाणी आरोग्य खात्याने निर्वाळा देईपर्यंत गाळून, खळखळून उकळून प्यावे. उकळी फुटल्यावर निदान एक मिनिट तसेच ठेवावे. जळण नसेल तर क्लोरीनच्या गोळ्या वेष्टनावरील सूचनेप्रमाणे टाकून अर्धा तास थांबावे. पाण्याखाली गेलेल्या बोअरचे किंवा विहिरीचे पाणी शुद्धीकरण झाल्याशिवाय तोंडात घालू नये. आणि घरात पाणी शिरत असेल तर सर्वांत आधी विजेचे मेन स्विच बंद करावे, तेही कोरड्या जागी उभे राहून.

विद्यार्थ्यांना आम्ही तीन कामे देतो. पहिले, आपल्या वस्तीत दोन्ही पुरांचे पाणी कोठपर्यंत आले होते ते वडीलधाऱ्यांना विचारून भिंतीवर रंगाने खूण करा आणि शेजारी वर्ष लिहा. खूण पुसली की माणूस विसरतो आणि पुन्हा खालीच बांधतो. दुसरे, क्लोरीन तपासण्याची ओ. टी. चाचणी शिकून घ्या. पाण्यात औषधाचे थेंब टाकले आणि पिवळा रंग आला तर क्लोरीन आहे, नाही आला तर ते पाणी तसे पिऊ नये, इतकी ती सोपी आहे. तिसरे, आपल्या वस्तीतील एकट्या व आजारी माणसांची यादी दर जूनमध्ये नवी करून संस्थेकडे द्या.

आणि सभासदांनी एक नागरिक म्हणून तीन प्रश्न दर वर्षी पावसाळ्यापूर्वी विचारावेत. उपसा केंद्रातील मोटार, पॅनेल आणि ट्रान्सफॉर्मर २०२१ च्या खुणेच्या वर आहेत का? वीज नसताना जगण्यापुरते पाणी उचलण्याची सोय कोणती? आणि ते पाणी कोणत्या वस्तीला, कोणत्या जागी, कोणत्या क्रमाने मिळेल? भांडणाच्या सुरात विचारू नयेत, पण उत्तर मिळेपर्यंत विचारावेत.

जाता जाता एका गोष्टीची आठवण करून देतो. बाबासाहेबांना आपण घटनेचे शिल्पकार म्हणून ओळखतो. परंतु १९४२ ते १९४६ या काळात ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते, आणि पाटबंधारे व वीज हे विषय त्यांच्याकडे होते. १९४३ मध्ये दामोदर नदीला मोठा पूर आला. तेव्हा पूरनियंत्रण, पाणी आणि वीज यांचा एकत्र विचार करणाऱ्या योजनेला त्यांनी चालना दिली. पूर एका खात्याचा, वीज दुसऱ्याची आणि नळ तिसऱ्याचा, असे तुकडे करून हा प्रश्न सुटत नाही, हे आपल्याला आज कोल्हापुरात उमगते आहे. आपल्यातील एखादी मुलगी, एखादा मुलगा उद्या पाणीपुरवठ्याचा किंवा विजेचा इंजिनिअर झाला, तर ती वाट आपल्याला परकी नाही, हे त्याने लक्षात ठेवावे.

त्या मुलीचा प्रश्न होता, एवढे पाणी आले तर नळाला का येत नाही? उत्तर असे, की बाळ, पाणी बुडत नसते, वीज बुडते. तिला वर उचलून ठेवणे मोठ्या माणसांच्या हातात आहे, आणि ते अजून पुरते झालेले नाही. पुढचा पूर येण्यापूर्वी ते व्हावे, आणि झालेले पाणी मागच्या बोळातल्या आजींपर्यंतही पोहोचावे, एवढीच अपेक्षा व्यक्त करून आम्ही आमचे भाषण संपवतो.